कटाक्ष : एका तत्सम शब्दाचे विषम अर्थजीवन

तत्सम शब्द हे भारतीय भाषांचे सामाईक धन होय, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. एका भाषेतील साहित्य दुसऱ्या भाषेत नेताना हे धन हाताशी आहे, या विश्वासाने अनुवादक निर्धास्त असतो. तद्भव आणि देशी शब्दांपाशी तो थबकतो, कोश उघडतो, जाणकाराला विचारतो. तत्सम शब्द मात्र तो जसाच्या तसा उचलून ठेवतो. या निर्धास्तपणाची परीक्षा पाहावयाची असेल, तर जेथे दोन भाषा एकाच लिपीत, एकाच बाजारात आणि पुष्कळदा एकाच घरात नांदतात अशा प्रदेशाकडे वळावे लागते. रायपूर हे असे एक ठिकाण आहे. प्रस्तुत लेखात ‘कटाक्ष’ या एकाच शब्दाचा विचार केला आहे. त्याला निमित्त या प्रदेशाचे आहे. परंतु प्रश्न सर्वच भारतीय भाषांच्या परस्परसंबंधांचा आहे.

१

रायपुरात तेलीबांधा नावाची वस्ती आहे आणि त्याच नावाचा तलाव आहे. मराठी वाचकाच्या कानाला या नावातील ‘बांधा’ हा शब्द आधी शरीराच्या ठेवणीची आठवण करून देतो. सडपातळ बांधा, मजबूत बांधा असे आपण म्हणतो. स्थानिक बोलीत मात्र बांधा म्हणजे बांध घालून अडविलेले पाणी, तलाव. मूळ धातू एकच, ‘बंध्’. एकीकडे तो देहाच्या घडणीकडे गेला, दुसरीकडे पाण्याच्या अडवणुकीकडे. शब्दाचे रूप डोळ्यांना ओळखीचे वाटते आणि अर्थ मात्र निसटतो, हा अनुभव या शहरातील मराठी माणसाला पदोपदी येतो. शाळेत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, घरी ‘शिक्षा’ म्हणजे दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत ‘आपत्ति’ घेतली जाते, मराठीत ती कोसळते. हिंदी वृत्तपत्रातील ‘संविधान संशोधन’ म्हणजे घटनादुरुस्ती. मराठी वाचकाला तेथे एखाद्या अभ्यासकाचा प्रबंध दिसतो.

मराठी आणि हिंदी यांचा हा शेजार आजचा नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्कर राम कोल्हटकर यांनी रतनपूर जिंकले, पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगढाचा मराठी राजवटीशी संबंध टिकून होता. त्यानंतर मध्य प्रांताच्या चौकटीत नागपूर आणि रायपूर एकत्र राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने त्यांची फारकत झाली आणि २००० साली छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले. सीमा बदलल्या, कुटुंबे राहिली. या कुटुंबांतून आलेल्या लेखकांनी हिंदीला मोठे देणे दिले आहे. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांच्या घरची भाषा मराठी. १९५८ पासून ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी आणि समीक्षक. एकाच घरातून दोन भाषांची समृद्ध साहित्यसृष्टी उभी राहावी, हा योग भारतीय साहित्यात विरळा आहे.

२

अशा घरातील एखाद्या मराठी वाक्याचा विचार करू. ‘स्वच्छतेवर त्यांचा कटाक्ष असे.’ मराठी चरित्रांतून, स्मृतिलेखांतून, शाळांच्या अहवालांतून हे वाक्य इतके रुळले आहे की त्यातील ‘कटाक्ष’ हा शब्द डोळ्यांशी निगडित आहे याचे भानही वाचकाला राहत नाही. आता हेच वाक्य तत्सम शब्द तसाच ठेवून हिंदीत न्यावे. हिंदी वाचक असा अर्थ घेईल की हे गृहस्थ स्वच्छतेची टवाळी करीत असत. उलट ‘विरोधी पक्षाने सरकारवर कटाक्ष केला’ या अर्थाचे हिंदी वृत्त शब्दशः मराठीत आणले, तर वाचकाला प्रथम वाटेल की विरोधी पक्षाने सरकारवर करडी नजर ठेवली. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत आणि दोन्ही ठिकाणी अर्थाचा घात झालेला आहे. सप्र्यांसारख्या अनुवादकाला मराठी ‘कटाक्षा’साठी हिंदीत आग्रह, दक्षता, विशेष ध्यान असे वेगवेगळे शब्द प्रसंग पाहून शोधावे लागतात, संस्कृतची शिदोरी येथे कामाला येत नाही.

एकाच शब्दाचे असे दोन टोकांचे अर्थ कसे झाले, हे पाहण्यासाठी मुळाकडे जावयास हवे. अमरकोशाने कटाक्षाचा अर्थ ‘अपांगदर्शन’ असा दिला आहे. अपांग म्हणजे डोळ्याचा बाहेरचा कोपरा. त्या कोपऱ्यातून पाहणे म्हणजे कटाक्ष. शब्दाचे उत्तरपद स्पष्ट आहे. गवाक्ष, कमलाक्ष या शब्दांप्रमाणे ‘अक्षि’ येथे ‘अक्ष’ झाले आहे. पूर्वपद ‘कट’ मात्र एका अर्थाला बांधलेले नाही. कट म्हणजे हत्तीचे गंडस्थळ. त्या अर्थाने पाहिले तर कानशिलाकडे वळलेला डोळा तो कटाक्ष. धातुपाठात ‘कट्’ हा धातू आवरणाच्या अर्थानेही येतो आणि गतीच्या अर्थानेही येतो. आवरण घेतले तर पापणीआड झाकलेला डोळा, गती घेतली तर सरकणारा डोळा. यांपैकी एकच व्युत्पत्ती खरी असे ठरविण्याचा आग्रह धरण्यापेक्षा, या तिन्ही कल्पना त्या एका क्रियेचे वर्णन करतात हे लक्षात घेणे अधिक फलदायी आहे. डोळा बाजूला वळतो, हलतो आणि अर्धवट झाकलेला असतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात ही क्रिया अभिनयाच्या व्याकरणात बसविलेली आहे. तेथे एकंदर ३६ दृष्टी सांगितल्या आहेत. त्यांतील आठ रसांच्या, आठ स्थायी भावांच्या आणि वीस संचारी भावांच्या. बुबुळांच्या नऊ कर्मांपैकी ‘विवर्तन’ म्हणजे कटाक्ष, आणि त्याचा विनियोग शृंगारात. पाहण्याच्या आठ प्रकारांत ‘साची’ हा प्रकार वेगळा दिला आहे. त्यात बुबुळे पापण्यांच्या केसांआड गेलेली असतात. आपल्या विवेचनाला उपयुक्त अशी गोष्ट ही की, नटाच्या चेहऱ्याची दिशा आणि डोळ्याची दिशा या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे या शास्त्राने जाणले होते. समोर पाहणाऱ्याच्या बाबतीत या दोन दिशा एकच असतात. कटाक्षात त्या दुभंगतात. मुख एकीकडे, दृष्टी दुसरीकडे. हा दुभंग म्हणजेच कटाक्षाचा गाभा. त्याच्या सर्व पुढील अर्थांचा उगम येथे आहे, कारण हा दुभंग पाहणाऱ्याला प्रश्न पडतो. हा माणूस सरळ का पाहत नाही?

३

या प्रश्नाला निरनिराळ्या परंपरांनी निरनिराळी उत्तरे दिली. ती उत्तरे शब्दकोशातील अर्थांपेक्षा शब्दाबरोबर येणाऱ्या क्रियापदांत अधिक नेमकी सापडतात.

संस्कृत काव्यात कटाक्ष ‘टाकला’ जातो, फेकला जातो. नायिका सरळ पाहत नाही, कारण लज्जा आहे. तरीही पाहते, कारण अनुराग आहे. ही फेकण्याची क्रिया असल्याने कटाक्षाला बाण म्हणणे ओघानेच आले. मराठी लावणीतील नयनबाण याच कुळातला.

दक्षिणेत कटाक्ष ‘लाभतो’. तमिळ, तेलुगू, मलयाळम या भाषांत या शब्दाचा प्रधान अर्थ कृपा असा आहे. शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या कनकधारा स्तोत्रात लक्ष्मीच्या नेत्रकोनाचीच याचना आहे. कांचीच्या कामाक्षीला उद्देशून रचलेल्या मूकपंचशतीत ‘कटाक्षशतक’ नावाचे एक संपूर्ण शतक आहे. देवता सरळ का पाहत नाही, या प्रश्नाचे येथील उत्तर असे की तिची पूर्ण दृष्टी पेलण्याचे भक्ताचे सामर्थ्य नाही आणि त्याला त्याची आवश्यकताही नाही. दृष्टीची कड पुरेशी आहे. येथे बाणाची कल्पना पार मावळली आहे. पाहणाऱ्या देवतेपेक्षा पाहिले जाणारा भक्त वाक्याच्या केंद्रस्थानी आला आहे. मराठी संतपरंपरेला ही कल्पना परकी नव्हती, पण तिचा कल पूर्ण दृष्टीकडे आहे. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी गुरूच्या कृपादृष्टीला माता म्हणून वंदन आहे. आईच्या पाहण्यात मुख आणि दृष्टी यांचा दुभंग नसतो. आधुनिक मराठीत ‘कृपाकटाक्ष’ हा शब्द उरला आहे, पण तो बहुधा वरिष्ठांच्या मर्जीविषयी, ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवून वापरला जातो.

हिंदीत कटाक्ष ‘केला’ जातो. संस्कृत काव्यातील बाणाची कल्पना हिंदीने पुढे नेली. मात्र वाटेत डोळा गळून पडला आणि बाण तेवढा राहिला. रीतिकाव्यात, विशेषतः बिहारीच्या दोह्यांत, डोळे बोलतात. आधुनिक गद्यात त्या बोलण्याला वाचा फुटली, शृंगार मागे पडला आणि शब्दांनी केलेला तिरपा वार म्हणजे कटाक्ष असा अर्थ स्थिर झाला. हरिशंकर परसाई यांच्यासारख्या व्यंग्यकाराची समीक्षा या शब्दावाचून करणे हिंदी समीक्षकाला अवघड जाईल. सरळ का पाहत नाही, याचे हिंदीचे उत्तर असे की सरळ पाहून सरळ बोलणे धोक्याचे असते किंवा परिणामशून्य असते.

मराठीत कटाक्ष ‘असतो’. हे क्रियापद विलक्षण आहे. टाकणे, करणे, लाभणे या सर्व क्षणिक घटना आहेत. डोळ्याची हालचाल स्वभावतःच क्षणिक आहे. मराठीने त्या क्षणिक हालचालीची एक दीर्घ स्थिती बनविली. ‘वक्तशीरपणावर कटाक्ष असणे’ यात वर्षानुवर्षांची सवय सूचित होते. पुढे ‘कटाक्षाने’ असे क्रियाविशेषण तयार झाले आणि ते दोन विरुद्ध क्रियांना सारख्याच सहजतेने लागू लागले. एखादा नियम कटाक्षाने पाळला जातो, एखादी गोष्ट कटाक्षाने टाळली जाते. म्हणजे आता येथे विशिष्ट कृतीचा संबंध उरला नाही. कृतीमागील जागरूकता तेवढी उरली.

४

मराठीला ही वाट का सापडली असावी? एक कारण भाषेच्या अंतर्गत व्यवस्थेत दिसते. टोचून बोलण्यासाठी मराठीजवळ स्वतःचे शब्द विपुल होते. टोमणा, खोचक, उपरोध, कोपरखळी ही त्यांतील काही नावे. ‘तिर्यक्’च्या कुळातून आलेल्या तिरपा, तिरका, तिरळा या शब्दांबरोबर ‘तिरकस’ही आला आणि तिरप्या बोलण्याचे काम त्याने पत्करले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’त सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्या द्वारे रूढींकडे जी दृष्टी टाकलेली आहे तिला मराठी समीक्षक तिरकस म्हणेल, उपहासगर्भ म्हणेल, केवळ ‘कटाक्ष’ म्हणून थांबणार नाही. हिंदीत जे घर रिकामे होते ते मराठीत आधीच भरलेले होते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मराठीने आपली नैतिक परिभाषा पुष्कळ अंशी डोळ्यावर रचली आहे. संस्कृतात ‘लक्ष’ म्हणजे वेध घेण्याची खूण. मराठीत तेच अवधान झाले. लक्ष देणे आणि दुर्लक्ष करणे यांच्या जोडीला डोळेझाक करणे आणि काणाडोळा करणे हे वाक्प्रयोग आहेत. यांतील काणाडोळा आणि कटाक्ष यांची तुलना उद्बोधक आहे. दोन्ही ठिकाणी दृष्टी अर्धी आहे. काणाडोळा करणाऱ्याला दिसत असते, पण दिसत नाही असे तो दाखवितो. कटाक्ष ठेवणारा पाहत नाही असे वाटते, पण त्याला दिसत असते. स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या बाईचे तोंड परातीकडे असते आणि डोळ्याची कड चुलीवरच्या दुधावर असते. दूध उतू जात नाही ते त्या कडेमुळे. ती सरळ का पाहत नाही? कारण तिला दुसरेही काम आहे. मराठीने कटाक्षातील दुभंगाचा अर्थ असा लावला. लज्जा, कृपा आणि उपहास यांच्या ऐवजी तिने तेथे दक्षता पाहिली.

इतर भाषांशी तुलना केली म्हणजे या निवडीचे वेगळेपण ठळक होते. तिरप्या दृष्टीतून बहुतेक ठिकाणी वाईट अर्थ निघाले आहेत. लॅटिनमधील मत्सरवाचक ‘इन्विदिआ’ हा शब्द वाईट नजरेने पाहण्याच्या क्रियापदापासून आला. त्याच भाषेतील डोळे मिटण्याच्या क्रियापदापासून, आपल्या काणाडोळ्याप्रमाणेच, दुष्कृत्याला मूक संमती देण्याचा अर्थ असलेला इंग्रजी शब्द बनला. इंग्रजीतील ‘अस्कान्स’ हा तिरप्या नजरेचा शब्द सोळाव्या शतकापासून आढळतो; त्याच्या उगमाविषयी कोशकारांत एकमत नाही, पण त्यात संशय आणि नापसंती भरलेली आहे याविषयी दुमत नाही. मराठीतही वाकडी नजर आहेच, आणि तिचा अर्थही वाईटच आहे. संस्कृतातून आलेल्या शब्दाला मात्र मराठीने सद्गुणाच्या पंगतीत बसविले.

५

येथे थांबलो तर हा लेख मराठीच्या गौरवाचा होईल, आणि तो अपुरा ठरेल. दक्षता हा गुण खरा. पण दक्ष डोळा कोणाचा आणि कोणावर, हा प्रश्न विचारावाच लागतो. ‘सोवळ्याओवळ्यावर कटाक्ष’, ‘शिवाशिवीचे नियम कटाक्षाने पाळणे’ हेही मराठीचेच प्रयोग आहेत, आणि ‘स्वच्छतेवर कटाक्ष’ या प्रयोगाइतकेच ते स्वाभाविक आहेत. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये, हा नियम कटाक्षानेच पाळला जात होता. नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव केल्यावरही तो पाळला जात होता; २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाणी घेतले तेव्हा तो कटाक्ष प्रथम उघडपणे झुगारला गेला. ज्याच्यावर नजर रोखलेली आहे त्याच्या बाजूने पाहिले म्हणजे ‘कटाक्ष असणे’ या प्रयोगातील सौम्यता नाहीशी होते. ‘असणे’ हे क्रियापद कर्त्याला झाकून ठेवते. कटाक्ष कोणी टाकला, केव्हा टाकला, हे विचारता येत नाही. तो जणू हवेतच असतो. हिंदी ‘कटाक्ष करणाऱ्या’ला निदान आपल्या कृतीचा जाब द्यावा लागतो. मराठी कटाक्ष शिस्तीच्या नावाने जाबाच्या पलीकडे जातो. स्मृतिलेखांतील ‘त्यांचा शिस्तीवर कटाक्ष असे’ या गुळगुळीत वाक्यामागे कितीदा घरातील आणि कचेरीतील इतरांची घुसमट दडलेली असते, हे चरित्राच्या अभ्यासकाने तपासून पाहावे.

या दृष्टीने मुक्तिबोधांच्या १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहाचे ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हे नाव मराठी कानाला विशेष अर्थपूर्ण वाटते. हिंदी वाचकाला त्यात प्रथम वक्रता, विद्रूपता जाणवते. ज्याच्या घरी मराठी बोलली जाते त्याला ‘तोंड वाकडे करणे’ हा नापसंतीचा वाक्प्रयोगही त्यामागे ऐकू येतो. सौंदर्याचे परंपरागत प्रतीक असलेला चंद्र येथे तोंड वाकडे करून शहराकडे पाहत आहे, पाळतही ठेवीत आहे. उपहास आणि पाळत हे दोन्ही अर्थ या एका वाकड्या मुखात एकत्र आले आहेत. कवीने ते जाणीवपूर्वक आणले असा दावा करण्याचे कारण नाही. दोन भाषांच्या सीमेवरील वाचकाला दोन्ही दिसतात, आणि असा वाचक हे त्या कवितेचे एक भाग्य आहे.

६

कुंतकाने ‘वक्रोक्तिजीवितां’त वक्रतेचे सहा प्रकार सांगताना पदपूर्वार्धवक्रतेत रूढिवैचित्र्यवक्रतेचा समावेश केला आहे. रूढ अर्थाचा शब्द कवीच्या हाती पडून अपूर्व छटा धारण करतो, ही ती वक्रता. कटाक्षाच्या अर्थजीवनाकडे पाहिले म्हणजे असे म्हणावेसे वाटते की हे वैचित्र्य कवीपुरते मर्यादित नाही. एक संपूर्ण भाषिक समाज आपल्या व्यवहाराच्या गरजेने ते घडवून आणतो, आणि शेजारचा समाज त्याच शब्दात वेगळे वैचित्र्य घडवितो. कवीच्या वक्रतेला सहृदय ओळखतो. समाजाच्या वक्रतेला मात्र ती आपलीच असल्यामुळे आपण सरळ समजतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर येथे डॉ. रघुवीर यांनी हाती घेतलेल्या परिभाषाकार्यामागे संस्कृत धातूंपासून घडविलेले शब्द सर्व भारतीय भाषांना सारखेच चालतील असा विश्वास होता. पारिभाषिक शब्दाला व्याख्येचे कुंपण असते, म्हणून तेथे हा विश्वास काही अंशी सार्थ ठरतो. साहित्याच्या भाषेला तसे कुंपण नसते. तेथे तत्सम शब्द रूपाने सम आणि अर्थाने विषम असतो, आणि रूपाच्या समानतेमुळेच तो अधिक फसवा ठरतो. आज आंतरभारतीय अनुवादाची गरज वाढलेली असताना, अशा विषमार्थी तत्सम शब्दांचा तौलनिक कोश ही विद्यापीठांच्या भाषाविभागांनी हाती घ्यावी अशी गोष्ट आहे. त्या कोशात केवळ अर्थ देऊन भागणार नाही. शब्दाबरोबर कोणते क्रियापद येते, कोणता प्रत्यय लागतो आणि तो कोणाच्या तोंडी शोभतो, हेही द्यावे लागेल. कटाक्ष टाकला, केला, लाभला की होता, यावरच त्याचा अर्थ ठरतो, हे वर दिसून आलेच आहे.

असे काम रायपूर, बिलासपूर, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर येथील मराठी भाषकांइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला आपल्या शब्दांकडे नेहमी थोडे बाजूने पाहावे लागते. पुणे-मुंबईच्या प्रमाण मराठीने या मंडळींच्या भाषेतील हिंदी छटांना आजवर दोष मानले आणि त्यांच्या कानाला ऐकू येणारी दुहेरी अर्थछटा मात्र दुर्लक्षिली. ही दुर्लक्षित संपत्ती कोशात आणि समीक्षेत आली, तर मराठीला स्वतःच्याच शब्दांचे असे अर्थ कळतील, जे घरात बसून कळत नाहीत.